विधी निबंध स्पर्धा : आपल्या किनाऱ्याचा विषय घ्यावा की टाळावा?

सुरंगी
नमस्कार. मी पाच वर्षांच्या विधी अभ्यासक्रमाच्या चौथ्या वर्षात शिकते. घर मालवण तालुक्यात, समुद्रापासून हाकेच्या अंतरावर आहे. एका अखिल भारतीय निबंध स्पर्धेत भाग घेण्याचे ठरवले असून तिचा मुख्य विषय 'नैसर्गिक संसाधने आणि उपजीविकेचा हक्क' असा आहे. त्यातला पोटविषय स्पर्धकाने निवडायचा आहे. मर्यादा ३००० शब्दांची, तळटिपा त्यात धरलेल्या नाहीत. निबंध मराठीत किंवा इंग्रजीत चालतो. लेखकाचे नाव, महाविद्यालय किंवा ओळख पटेल असे काहीही निबंधात आढळल्यास तो बाद ठरतो. हाताशी सव्वा महिना आहे.

'किनारा नियमन क्षेत्र अधिसूचना आणि मच्छीमारांचे हक्क' असे शीर्षक घेऊन मी आठशे शब्द लिहिले. किनाऱ्यालगतच्या बांधकामांवर मर्यादा घालणाऱ्या १९९१, २०११ आणि २०१९ या तिन्ही अधिसूचनांचा क्रमाने आढावा घेतला आणि काल रात्री ते पुन्हा वाचताना माझे मलाच जांभई आली. एका प्राध्यापकांना दाखवले, तेव्हा त्यांनी सांगितले की राष्ट्रीय पातळीवरच्या परीक्षकांना मालवणच्या वाळूत रस नसतो, 'शाश्वत विकास' असा सर्वांना परिचित विषय घ्यावा. हे खरे आहे का? येथे वकील आणि शिक्षक बरेच आहेत, म्हणून विचारते.

साकव
आठशे शब्दांवर तुम्हाला जांभई आली, म्हणजे परीक्षकांना तीनशेव्या शब्दालाच आली असती. विषय राहू द्या, शीर्षक बदला.

गडग्यापलीकडे
जिल्हा न्यायालयात सव्वीस वर्षे वकिली करतो आहे. त्यातली निम्मी वहिवाट, पाणंद (शेतांमधली वाट) आणि गडगा (दगडी कुंपण) या तीन शब्दांभोवती गेली, म्हणून हे नाव घेतले आहे.

सुरंगी, तुम्ही विषय निवडला आहे, प्रश्न निवडलेला नाही. 'मच्छीमारांचे हक्क' या शब्दांवर कोणीही कितीही लिहू शकतो आणि त्यातून काहीच सिद्ध होत नाही. आमच्याकडे पक्षकार येतो तेव्हा तो 'माझ्या मालमत्तेचे हक्क' असे म्हणत नाही. शेजाऱ्याने चिरे रचून माझी पाणंद अडवली, असे म्हणतो. तेथून पुढे कायदा शोधला जातो. निबंधाचेही तसेच करावे. कोणी, कोणाचे, काय अडवले आहे ते आधी सांगा, म्हणजे कलमे आपोआप रांगेत येऊन उभी राहतील.

विषयांची येथे वाण नाही. अलिबागजवळच्या चरी गावचा १९३३ ते १९३९ असा चाललेला शेतकऱ्यांचा संप, त्या काळात डॉ. आंबेडकरांनी १९३७ साली मुंबई विधिमंडळात मांडलेले खोती, म्हणजे खोतांमार्फत सारा वसूल करण्याची पद्धत, नष्ट करण्याचे विधेयक आणि शेवटी १९४९ चा खोती नाहीशी करणारा कायदा, हे एकच सूत्र पुरेसे आहे. सावंतवाडी तालुक्यातल्या आंबोली, चौकुळ, गेळे येथील कबुलायतदार गावकर जमिनींचा, म्हणजे सारा भरण्याच्या कबुलीवर गावकऱ्यांनी सामाईक धारण केलेल्या जमिनींचा प्रश्न आहे. देवरायांचा आहे. यांपैकी कशालाही 'स्थानिक' म्हणून बाजूला सारणाऱ्याने भारतातले महत्त्वाचे निवाडे कोठून आले ते एकदा पाहावे. प्रत्येक निवाडा कोठल्या तरी एका गावातून, एका बांधावरून आलेला असतो.

घाटमाथा
वकीलसाहेबांशी मी अर्धाच सहमत आहे. विद्यार्थी असताना अशाच दोन स्पर्धांत माझा क्रमांक आला होता आणि एका स्पर्धेत मी सपशेल पडलो. पडलेला निबंध आमच्या गावच्या धरणावर होता. विस्थापितांची वेदना, आटलेली विहीर, आजीचे डोळे असे सारे त्यात होते; कायदा मात्र पाऊण पानच भरला. गावाचा विषय घेतला की लिहिणाऱ्याला वाटते, मला सगळे ठाऊक आहे, आणि मग तो सिद्ध करण्याचे कष्ट घेत नाही. प्राध्यापकांचा सल्ला चुकीच्या शब्दांत दिलेला असला, तरी त्यामागची भीती खोटी नाही.

तळटीप
विधी महाविद्यालयात शिकवते आणि अशा स्पर्धांचे निबंध काही वेळा तपासले आहेत, म्हणून टेबलाच्या पलीकडून काय दिसते ते सांगते.

साठ निबंध समोर असतात. त्यांपैकी निदान पंधरा 'पर्यावरण हा शब्द परि आणि आवरण यांपासून बनला आहे' येथून सुरू होतात. आणखी दहा वेदांपासून निघतात आणि संविधानापर्यंत पोहोचेतो शब्दमर्यादा संपलेली असते. उरलेल्यांत मी पहिल्या पानावर एवढेच शोधते की लेखकाला कशाचे उत्तर हवे आहे. ते सापडले की निबंध बाजूला काढून सावकाश वाचते. गाव मालवण आहे की मणिपूर, याने मला काहीही फरक पडत नाही. उलट 'शाश्वत विकास' हे शीर्षक दिसले की मी आधी चहा घेऊन येते.

एक गोष्ट मात्र निबंध खाली ओढते, ती म्हणजे जुनी कलमे. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता, नागरिक सुरक्षा संहिता आणि साक्ष्य अधिनियम लागू झाले, तरी विद्यार्थी अजून भारतीय दंड विधानाची कलमे वर्तमानकाळात लिहितात. घटना जुनी असेल तर जुने कलम लिहिणे बरोबरच आहे, पण तसे स्पष्ट सांगावे.

खाडीपल्याड
विषयच सुचवायचे असतील तर न्यायालयाच्या अंतराचाही घ्या. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच (फिरते खंडपीठ) सुरू झाले आणि रत्नागिरी, सिंधुदुर्ग त्याच्या अधिकारक्षेत्रात गेले. आम्ही रायगडकर मुंबईकडेच राहिलो. दोडामार्गच्या पक्षकाराला मुंबई आणि कोल्हापूर यांत किती रुपयांचा आणि किती रात्रींचा फरक पडला, यावर चांगला निबंध होईल.

सुरंगी
सर्वांचे आभार. वकीलकाकांनी विचारले तसे 'कोणी, कोणाचे, काय अडवले' या रीतीने सांगून पाहते.

माझे आजोबा रापणीत होते. ज्यांनी रापण पाहिलेली नाही त्यांच्यासाठी सांगते. होडी जाळे सोडत समुद्रात अर्धवर्तुळ घेते, जाळ्याच्या दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावर राहतात आणि मग चाळीस-पन्नास माणसे दोन बाजूंनी ते ओढून पुळणीवर, म्हणजे वाळूच्या किनाऱ्यावर, आणतात. मासळीचे वाटे तेथेच वाळूवर पडतात. आमच्या पुळणीवर दोन वाड्यांच्या दोन रापणी होत्या आणि जागा एकच. एक दिवस एका वाडीचा, दुसरा दुसऱ्या वाडीचा, अशी पाळी ठरलेली होती. ती कोणी, कधी ठरवली हे आजोबांनाही ठाऊक नाही. त्यांच्या वडिलांच्या वेळीही ती तशीच होती, एवढेच ते सांगतात.

दोन हंगामांपूर्वी जाळे जेथे किनाऱ्याला लागते नेमक्या त्या पट्ट्यावर पर्यटकांच्या बोटी आणि खुर्च्या आल्या. रापणकरांनी हटकल्यावर त्या माणसाने परवाना दाखवला. त्याच्याकडे कागद होता, आमच्याकडे पाळी होती. आजोबा एवढेच म्हणाले, "पाळी चुकली काय मासळी गेली समजा."

हा प्रश्न होऊ शकेल का?

गडग्यापलीकडे
हाच प्रश्न आहे. आठशे शब्द पुसून टाका.

आता कायदा पाहू. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ चे कलम २० उघडा. भरतीरेषेखालचा समुद्राचा, बंदरांचा आणि खाड्यांचा तळ राज्य शासनाच्या मालकीचा आहे, असे ते सांगते. परंतु त्याच वाक्यात कोणा व्यक्तींचे हक्क सिद्ध होत असतील तर तेवढ्यापुरता अपवादही ठेवते. तुमचा सारा निबंध त्या अपवादात राहतो. शासन मालक आहे हे मान्य करूनच सुरुवात करा, म्हणजे समोरच्याचा पहिला वार फुकट जातो.

दुसरे, भारतीय सुविधाधिकार अधिनियम, १८८२. विद्यार्थी येथे हमखास कलम १५ कडे धावतात, कारण वीस वर्षांची वहिवाट हे पाठ झालेले असते. ते येथे लागू होणे अवघड आहे, कारण सुविधाधिकार एका जमिनीच्या उपभोगासाठी दुसऱ्या जमिनीवर असतो आणि रापणकराकडे त्या अर्थाने 'पहिली जमीन' नसते. त्याऐवजी कलम २ चा खंड (ख) वाचा. दुसऱ्या कोणत्याही स्थावर मालमत्तेवर अवलंबून नसलेले रूढीजन्य हक्क या अधिनियमाने बाधित होत नाहीत, असे तेथे म्हटले आहे. दीडशे वर्षांपूर्वीच्या मसुदाकाराने तुमच्या आजोबांसाठी दार उघडे ठेवले आहे, असे मी म्हणेन. निबंधात मात्र असे म्हणू नका.

तिसरे, एक निवाडा तुमच्या विरोधात जाणारा आहे आणि तोच सर्वांत उपयोगी आहे. आनंद बेहेरा विरुद्ध ओरिसा राज्य, सर्वोच्च न्यायालय, १९५५. चिलिका सरोवरात मासे पकडण्याचा हक्क जमीनदाराकडून तोंडी घेतलेला होता. जमीनदारी गेली आणि राज्याने तो हक्क नाकारला. न्यायालयाने म्हटले की पाण्यातून मासे काढून नेण्याचा हक्क हा स्थावर मालमत्तेतला हितसंबंध आहे आणि नोंदणीकृत लेखाशिवाय तो मिळत नाही. तुमच्याकडेही लेख नाही. मग फरक काय? तेथे हक्क व्यवहारातून आल्याचा दावा होता, येथे तो रूढीतून आल्याचा आहे. हा फरक टिकतो की नाही, यावर हजार शब्द प्रामाणिकपणे खर्च करा.

साकव
काका, एवढा सल्ला कार्यालयात किती रुपयांना पडतो?

गडग्यापलीकडे
तेथे तारीख मिळते, येथे उत्तर मिळते.

जेटीवरून
मी रत्नागिरीकडचा, यांत्रिक नौकेवर हिशेब पाहतो. सुरंगीताईंच्या प्रश्नाला विरोध नाही, पण रापणीचे चित्र फार सोवळे रंगवू नये ही विनंती. रापणीच्या जाळ्यातही बारीक पिल्ले येतात. शिवाय पारंपरिक आणि पर्ससीन (मोठ्या घेराच्या जाळ्याची यांत्रिक मासेमारी) हा वाद न्यायालयात, आंदोलनात आणि अनेकदा समुद्रातही झालेला आहे. १९८१ चा सागरी मासेमारी नियमन अधिनियम, २०२१ मध्ये त्यात वाढवलेले दंड आणि १ जून ते ३१ जुलै ही यांत्रिक नौकांसाठीची बंदी, या साऱ्यांना स्पर्श केल्याशिवाय 'उपजीविकेचा हक्क' लिहिला तर तो एकाच वाडीचा हक्क होईल. आमच्या खलाश्यांनाही पोट आहे.

तळटीप
जेटीवरून यांचा आक्षेप मोलाचा आहे, पण तो निबंधात घ्यायचा तर एका परिच्छेदापुरताच. हा वाद पाण्यातल्या साधनांचा नाही, वाळूवरच्या जागेचा आहे. राज्य सूचीतल्या नोंद २१ खाली मत्स्यव्यवसाय राज्याकडे आहे आणि १२ सागरी मैलांपलीकडची मासेमारी संघ सूचीतल्या नोंद ५७ खाली येते, एवढे सांगून पुढे जावे. नाहीतर तीन हजार शब्दांत तीन निबंध होतील.

वकीलसाहेबांच्या यादीत एका निवाड्याची भर घालते. फोमेंतो रिसॉर्ट्स विरुद्ध मिंग्वेल मार्टिन्स, सर्वोच्च न्यायालय, २००९. गोव्यातल्या वैंगिणी किनाऱ्याकडे जाणारी लोकांची जुनी वाट हॉटेलने अडवल्याचे प्रकरण आहे आणि न्यायालयाने लोकन्यासाचे तत्त्व, म्हणजे शासन नैसर्गिक संसाधने लोकांसाठी विश्वस्त म्हणून सांभाळते हे तत्त्व, लावून वाट मोकळी ठेवायला लावली. ते तत्त्व आपल्याकडे कमलनाथ प्रकरणात, १९९६ साली, बियास नदीच्या संदर्भात ठामपणे आले. पण सावध राहा : लोकन्यास सर्वांसाठी असतो. पर्यटकही 'लोक'च आहेत. त्या तत्त्वाने वाट मोकळी होते, पाळी सिद्ध होत नाही. परीक्षक म्हणून मी नेमकी येथे बोट ठेवीन.

घाटमाथा
माझा आधीचा अर्धा विरोधही मागे घेतो. 'लोकन्यास सर्वांचा आणि पाळी दोनच वाड्यांची' हा ताण निबंधात आला तर तो निबंध मी स्वतः वाचेन.

पाणंद
भाषेबद्दल कोणी बोलले नाही. माझ्या मते इंग्रजीत लिहावे. परीक्षक मंडळात मराठी वाचणारे एक-दोनच असतील आणि निवाडे तर सगळे इंग्रजीत आहेत.

तळटीप
नियमाने दोन्ही भाषा चालत असतील तर आयोजकांनी त्याची सोय केलेली असते. संविधानाच्या अनुच्छेद ३४८ मुळे उच्च न्यायालयाची भाषा इंग्रजी आहे हे खरे, पण आपल्या तालुका आणि जिल्हा न्यायालयांची भाषा १९९८ च्या अधिसूचनेपासून मराठी आहे. रापण, पाळी, पुळण, वाटा यांना इंग्रजीत नेताना प्रत्येक शब्दामागे दोन ओळींचा खुलासा लागेल आणि तो शब्दमर्यादेतून जाईल. मराठीत अडचण उलटी येते, कायद्याच्या संज्ञा अडतात. त्यासाठी भाषा संचालनालयाचा न्यायव्यवहार कोश जवळ ठेवावा आणि एकदा निवडलेली संज्ञा शेवटपर्यंत बदलू नये. 'रूढी' एका पानावर, 'प्रथा' दुसऱ्यावर आणि 'परंपरा' तिसऱ्यावर असे झाले की वाचणाऱ्याला तीन वेगळ्या गोष्टी वाटतात.

खाडीपल्याड
आजकाल कृत्रिम बुद्धिमत्तेच्या यंत्राला विचारले की ते दोन मिनिटांत दहा निवाडे काढून देते. सव्वा महिना कशाला?

गडग्यापलीकडे
त्या दहांतले चार अस्तित्वात नसतात. २०२३ साली न्यूयॉर्कमध्ये माता विरुद्ध एव्हियांका या खटल्यात वकिलांनी यंत्राने रचलेले निवाडे न्यायालयात दाखल केले आणि त्यांना ५००० डॉलरचा दंड बसला. सर्वोच्च न्यायालयाचे निवाडे ई-एससीआर संकेतस्थळावर विनामूल्य आहेत. मूळ परिच्छेद वाचून क्रमांक लिहावा, कोणाच्या तळटिपेवरून तळटीप उचलू नये. चुलतभावाने सांगितलेली बातमी साक्षीत चालत नाही.

उंडी
ओळख लपवण्याबद्दल एक अनुभव. मी निबंधातून नाव काढले, महाविद्यालय काढले, आभाराचा परिच्छेदही काढला आणि फाइल पाठवली. फाइलच्या गुणधर्मांत लेखक म्हणून माझे पूर्ण नाव आडनावासह तसेच होते. निबंध वाचला जाण्याआधीच बाद झाला. तक्रार करायलाही जागा नव्हती, कारण चूक माझीच होती. पाठवण्यापूर्वी फाइलची माहिती उघडून पाहावी आणि ती पुसावी.

साकव
निबंध स्पर्धा म्हणजे मुलांचा खेळ, असे आमच्या घरी म्हणत. मग कोणीतरी सांगितले की रत्नागिरी जिल्ह्यातल्या पांडुरंग वामन काणे यांना तरुणपणी मुंबई विद्यापीठाचे मंडलिक सुवर्णपदक निबंधासाठीच मिळाले होते. ज्यांच्या नावाचे पदक ते विश्वनाथ नारायण मंडलिकही दापोलीजवळच्या मुरुडचे, आणि कायद्यातलेच. काण्यांनी पुढे १९३० ते १९६२ या काळात धर्मशास्त्राच्या इतिहासाचे पाच खंड लिहिले आणि १९६३ साली भारतरत्न मिळवले. सुरंगीताईंना सव्वा महिना आहे, एवढाच फरक.

सुरंगी
काण्यांचे नाव काढून आपण मला आधार दिला की धाक घातला, ते कळले नाही.

तीन आठवड्यांनी परत आले आहे. निबंध मराठीत लिहिला, आता २८६० शब्द आहेत. सारांश असा :

'भरतीरेषेखालची पुळण शासनाच्या मालकीची असताना, तेथे ठरलेल्या पाळीने रापण ओढण्याची दोन वाड्यांची रूढी ही जमीन महसूल संहितेच्या कलम २० मधील "सिद्ध हक्क" ठरू शकते काय, आणि ठरत असल्यास त्या जागेवर दिलेला नंतरचा परवाना त्या हक्काच्या अधीन मानावा काय, हा या निबंधाचा प्रश्न आहे. रूढी प्राचीन, निश्चित, वाजवी आणि अखंड असावी या कसोट्यांवर पाळीची व्यवस्था तपासून, तिच्या पुराव्यासाठी साक्ष्य अधिनियमाचे कलम ४८ आणि लोकन्यासाचे तत्त्व यांची मर्यादा दाखवली आहे. निष्कर्ष असा की हक्क जागेच्या मालकीचा नाही, हंगामातल्या ठराविक वेळी जागा मोकळी मिळण्याचा आहे.'

किनारा नियमन अधिसूचनेला एकच परिच्छेद उरला आहे. त्यात अधिसूचना लागू होणाऱ्या खाडीकाठच्या पट्ट्याची मर्यादा १०० मीटर लिहिली आहे.

तळटीप
शेवटचे वाक्य उत्तम आहे, ते सारांशात असेच ठेवा. दोन दुरुस्त्या सुचवते. १०० मीटर किंवा खाडीची रुंदी, यांतले जे कमी ते, ही २०११ ची मर्यादा होती. २०१९ च्या अधिसूचनेत ती ५० मीटर आहे. कोणत्या अधिसूचनेबद्दल लिहिता ते सांगा. आणि कलम ४८ हे १८७२ च्या कायद्यातले. २०२३ च्या भारतीय साक्ष्य अधिनियमात ते कलम ४२ झाले आहे. रूढी असल्यास ती ज्यांना ठाऊक असण्याचा संभव आहे अशा व्यक्तींचे मत सुसंगत ठरते, हा त्याचा आशय तसाच आहे. तुमच्या आजोबांसारख्यांसाठीच ते कलम आहे.

सुरंगी
दुरुस्त केले. आता अडचण आजोबांचीच आहे. पाळीची सगळी माहिती त्यांच्याकडून घेतली, तर तळटिपेत त्यांचा उल्लेख हवा. नाव लिहिले तर आडनावावरून माझी ओळख पटेल.

गडग्यापलीकडे
'माजी रापणकर, वय ७८, मालवण तालुका. लेखकाने घेतलेली मुलाखत, नाव आयोजकांच्या नियमामुळे वगळले आहे.' एवढे पुरे. नावासह मूळ टिपण स्वतःजवळ ठेवा, निकालानंतर मागितले तर देता येईल. वाडीचे नावही घालू नका. तुमच्या वाडीत ७८ वर्षांचे रापणकर किती असतील, हे मला ठाऊक नाही, पण परीक्षकांपैकी कोणी मालवणचा असला तर त्याला ठाऊक असेल.

सुरंगी
तळटीप तशी घातली. काल रात्री आजोबांना सगळा निबंध वाचून दाखवला. कलमे आली तेव्हा त्यांनी डोळे मिटले होते, झोपले असे मला वाटले. मी चौथे पान संपवल्यावर म्हणाले, "नाव घालू नको, तां बरा केलंस. पण पाळी दिसाची नाय होती, ओढीची होती. तां नीट लिव."

म्हणजे एक दिवस एका वाडीचा आणि दुसरा दुसऱ्या वाडीचा असे नव्हते. एक ओढ झाली की जागा पुढच्या रापणीची, मग ती त्याच दिवशी असो की वाऱ्यामुळे चार दिवसांनी. लहानपणापासून ऐकूनही मी ते चुकीचे समजले होते आणि येथेही चुकीचेच लिहिले.

गडग्यापलीकडे
मग 'निश्चित' या कसोटीचा परिच्छेद पुन्हा लिहावा लागेल. दिवसाची पाळी वाऱ्याने मोडते, ओढीची मोडत नाही. बाजू भक्कम झाली आहे. किती शब्द शिल्लक आहेत?

सुरंगी
एकशे चाळीस.